मदत हवी आहे: बाबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही

आमराई_देवगड
बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पुण्या-मुंबईचे पत्ते, कोणाला कच्चा लागतो, कोणाला अढीतला, कोणाचं येणं बाकी, सगळं त्यातच. पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नाही. पहिली तोड तोंडावर आलीय. दुकानात नेला तर म्हणाले, फॉरमॅट मारून देतो. प्लीज लवकर सांगा.

कातळसडा
विंडोज कुठलं? लॅपटॉप की डेस्कटॉप? आणि पासवर्ड कधी मागतो, बटण दाबल्या दाबल्या काळ्या स्क्रीनवर की विंडोज सुरू झाल्यावर?

आमराई_देवगड
टेबलावरचा मोठा. बाबांचं नाव येतं आणि खाली चौकोन. विंडोजचं मला काय कळणार?

गुहागरकर
मदरबोर्डवरचा गोल सेल काढा, दहा मिनिटांनी परत बसवा. पासवर्ड उडतो. मी केलंय.

कातळसडा
तो बायोसचा (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड, तोही प्रत्येक मशिनवर उडत नाही. इथे युजरचं नाव दिसतंय, म्हणजे विंडोजचा आहे. सेल काढून तारीख-वेळ तेवढी बिघडेल. ताई, त्याच स्क्रीनवर अगदी खाली काय लिहिलंय?

आमराई_देवगड
विंडोज ७ होम बेसिक.

मांडवी_बंदर
विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. असलं मशिन नेटला जोडणंच धोक्याचं. नवा लॅपटॉप घ्या.

आमराई_देवगड
नवा घेऊन जुनी यादी कुठून आणू?

गुहागरकर
मग पासवर्ड पुसायची पेनड्राइव्ह बनवा. पाच मिनिटांचं काम.

कातळसडा
पुसायचाच कशाला? यादी हवीय, लॉगिन नकोय. होम बेसिकमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) नसतं, त्यामुळे वेगळं काही एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेलं नसेल तर फायली उघड्याच आहेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस नावाचा प्रोग्रॅम वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम) टाका. जुना चालू करताना एफ१२ दाबत राहा (काही बोर्डांवर एफ८ किंवा एफ११), पेनड्राइव्ह निवडा. मिंट सुरू झालं की 'इन्स्टॉल'ला हात लावू नका, नाहीतर डिस्क पुसली जाईल. डिस्क उघडून 'युजर्स'मधला बाबांच्या नावाचा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. डी ड्राइव्हही बघा.

वायंगणी
गे बाय, पावसाभर बंद होतो मां? खाऱ्या हवेन रॅम (आतली मेमरीची पट्टी) गंजता. चालू नाय झालो तर पट्टी काढून सोनेरी टोकां खोडरबरान पूस. आणि डिस्क टक-टक करूक लागली तर लगेच बंद कर, परत परत चालू करू नको.

गुहागरकर
एवढा व्याप नको. डिस्क काढा, साटा-यूएसबी केबल (डिस्क यूएसबीला जोडणारी) लावा, लॅपटॉपला जोडा. झालं.

कातळसडा
वेगळा पॉवर अडॅप्टर असलेली केबल असेल तर तेही बरोबर, डेस्कटॉपची डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही. फक्त विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारू लागलं तर 'नाही' म्हणायचं.

पावसचा_बागायतदार
यंदा मोहोर कसा होता तुमच्याकडे? आमच्याकडे थ्रिप्सने पार वाट लावली. फवारणी कुठली घेतलीत?

आमराई_देवगड
मिंटने उघडलं! फायली घेतल्या, लॅपटॉपवर एक्सेलही उघडतंय. पण फोन नंबर नीट दिसतात आणि नावं-पत्ते सगळे वेडेवाकडे इंग्रजी अक्षरांत. फाइल खराब झाली का?

कातळसडा
खराब नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय आणि तो लॅपटॉपवर नाही. त्याच डिस्कवर 'विंडोज' फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' आहे, तो पूर्ण कॉपी करा. एक्सेलमध्ये बिघडलेल्या नावावर क्लिक केलंत की वर फॉन्टचं नाव दिसेल. त्या नावाचा फॉन्ट लॅपटॉपवर बसवा. तोवर फाइल सेव्ह करू नका, आणि मूळ प्रत वेगळी ठेवा.

मांडवी_बंदर
यादी सरळ युनिकोडमध्ये (सगळीकडे दिसणाऱ्या मराठी अक्षरांत) टाइप करून काढा. फोनवर तो फॉन्ट चालणार नाही.

आमराई_देवगड
फॉन्ट बसवला, नावं आली. येणं बाकी आहे त्यांच्यापुढे बाबांनी लाल रंग दिलाय, तोही तसाच आहे. टाइप करायला भाचीला बसवते. आता एवढंच सांगा, कुरिअरवाल्याला पत्ते पाठवायला ही यादी पीडीएफ केली तर मराठी नीट राहील ना?

कातळसडा
राहील. त्याच लॅपटॉपवरून करा, फॉन्ट पीडीएफमध्येच जातो. येणं बाकीचा रकाना लपवून मग पाठवा.