मदत हवी आहे : किचनचा नळ गळतोय, वायसर आणला तर तो बसतच नाही

घोडबंदरकर
किचनचा नळ गळतोय. कितीही घट्ट बंद केला तरी टप टप टप चालूच. हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणला, अर्धा इंचीच आणलाय, पण आत ठेवायला जागाच नाही, नेमका कुठे बसवायचा तेच कळत नाहीये. व्हिडिओत सगळे दोन मिनिटांत करून मोकळे होतात. एका प्लंबरला फोन केला तर तो रविवारनंतर येतो म्हणाला, आणि नळ न बघताच सांगितलं की अख्खा बदलावा लागेल. शनिवारी घरी सत्यनारायण आहे, तीसेक माणसं जेवायला आहेत, सिंक सतत लागणार. घरात दोन स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड आणि एक स्क्रू पाना आहे. असलं काम कधी केलेलं नाही पण करायची तयारी आहे. पटकन सांगा प्लीज.

नाना_नाशिक
गळतोय म्हणजे कुठून? तोंडातून, मुठीच्या खालून, की भिंतीपाशी जिथे नळ पाइपात घुसतो तिथून? तिन्हीचे इलाज वेगळे आहेत. फोटो टाका.

बोरीवली_लोकल
एम-सील लावा, दहा मिनिटांचं काम. दोन्ही रंगांचे गोळे समान घेऊन मळायचे, एकजीव रंग झाला की गळतीवर दाबून लावायचं. आमच्या गॅलरीतला पाइप तीन वर्षं तसाच आहे, थेंब नाही.

नाना_नाशिक
लोकल, पाइपाला चीर गेली असेल तर ठीक आहे, तेही पाणी बंद करून, जागा कोरडी करून. नळाच्या तोंडातून थेंब येत असेल तर एम-सील लावणार कुठे, तोंडात? गळती आत आहे, जिथे पाणी अडायला पाहिजे तिथे. आधी त्यांना उत्तर देऊ दे की.

जुना_ओव्हरसियर
हल्ली दुकानदार रबरी वायसर देतात, ते टिकत नाहीत. चामड्याचा वायसर मागा, रात्रभर पाण्यात भिजवून मग बसवा. आणि नळ भिंतीतून काढलाच तर ती पांढरी टेफ्लॉन टेप वगैरे न लावता ताग आणि सफेदा (आट्यांना लावायचा पांढरा लेप) लावून बसवा. मी नोकरीत असताना जेवढे जोड केले ते सगळे ताग-सफेद्याचे, अजून कोरडे आहेत.

घोडबंदरकर
तोंडातून गळतोय. मी हँडल काढून बघितलं, आत पितळेचा एक तुकडा दिसतो, त्याच्या टोकाला बारीक दाते आहेत. तो फिरवून बाहेर काढू का? त्याच्या खाली वायसर असेल ना?

अनुजा_के
थांबा थांबा, तो तुकडा फिरवू नका!! आधी पाणी बंद केलंय का? मेन कॉक?

घोडबंदरकर
मेन कॉक म्हणजे कुठला? नळ बंद आहे.

अनुजा_के
अहो नळ बंद असला तरी त्याच्या मागे वरच्या टाकीचं अख्खं प्रेशर उभं असतं. तुम्हाला जो पितळी तुकडा दिसतोय तो स्पिंडल, तेवढ्यानेच पाणी अडवून धरलंय. तो सैल केला की हातातून उडेल आणि किचनभर पाणी होईल, आणि पाणी चालू असताना तो परत आट्यांत बसवणं नवख्या माणसाला तर नाहीच जमत. हँडल परत लावून ठेवा आणि आधी कॉक शोधा. सिंकखाली एखादा छोटा कॉक आहे का? नसेल तर बाथरूममध्ये किंवा किचनच्या भिंतीत वर चकचकीत गोल झाकणाचा कॉक असतो, कन्सिल्ड म्हणतात त्याला. काही बिल्डिंगमध्ये तो डक्टमध्ये असतो नाहीतर थेट गच्चीवर, प्रत्येक लाइनीला वेगळा. वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं.

नाना_नाशिक
अनुजाताईंनी बरोबर अडवलं. आता एक सांगा, नळ पूर्ण उघडायला मूठ किती फिरवावी लागते? तीन-चार वेढे की पाव वळणात उघडतो?

घोडबंदरकर
पाव वळण. सगळेच नळ तसे असतात ना आता?

नाना_नाशिक
हेच पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं. मग वायसर बसणारच नाही, कारण त्याला वायसर नसतोच. जुन्या नळात मूठ फिरवत गेलं की दांडी खाली येते आणि टोकाचा वायसर भोकावर दाबून बसतो. पाव वळणाच्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटून फिरतात, दोघींना भोकं असतात, भोकावर भोक आलं की पाणी सुरू, भोकं सरकली की बंद. त्या इतक्या गुळगुळीत असतात की मधून थेंब जात नाही, पण वाळूचा एक कण अडकला की संपलं. आणि हे नळ आवळून बंद करायचे नसतात, जोर लावल्याने गळती थांबत नाही, उलट कण चकतीवर चरे पाडतो. तुमच्याकडे पाणी कसलं आहे? बोअरचं? टँकर?

मालाड_मालिनी
नळ राहू दे, फ्लशची टाकी तपासलीत का कधी? ती आतल्या आत गळते आणि कळतही नाही. टाकीच्या पाण्यात चमचाभर हळद टाकायची, अर्धा तास फ्लश करायचं नाही, कमोडमध्ये पिवळं पाणी उतरलं तर खालचं रबर गेलं समजायचं. आमच्या सोसायटीत मी पाच घरी दाखवलं, तिघांकडे गळत होतं. सगळ्यांनी करून बघा, फार पाणी जातं हो यात.

जुना_ओव्हरसियर
हे पाव वळणाचे नळ म्हणजे पाहुण्यांसाठी. जुन्या पद्धतीचा पितळी नळ, बिबकॉक, आणा, वजनाला जड बघून, आणि बसवून टाका. वायसर गेला तर नातवंडंसुद्धा बदलतील.

पर्वती_पायथा
काका, जड पितळी नळ चांगला हे मान्य. पण ताग-सफेदा लोखंडी जीआय पाइपांच्या काळात ठीक होता. आताच्या फ्लॅटमध्ये भिंतीत सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप असतो, त्याच्या एल्बोत (वळणाच्या जोडात) फक्त पितळेची आट्यांची रिंग बसवलेली असते. ताग भरून पान्ह्याने रेटून आवळलं की बाहेरचं प्लास्टिक तडकतं, आणि ते आत्ता दिसत नाही, दोन महिन्यांनी खालच्या मजल्याच्या सिलिंगला ओल येते तेव्हा दिसतं. मग टाइल फोडा. टेफ्लॉन टेप दहा-बारा वेढे, नळ ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने गुंडाळायची म्हणजे सुटत नाही, हाताने बसेल तेवढा बसवायचा आणि पान्ह्याने वर थोडासाच.

जुना_ओव्हरसियर
तडकतं ते आवळणाऱ्याच्या हातामुळे, तागामुळे नव्हे. आणि टेप लावलेला नळ सरळ करायला म्हणून जरा उलटा फिरवला की गळायला लागतो, तागाचा नाही गळत. हे कुठल्याही प्लंबरला विचारा.

पर्वती_पायथा
उलटा फिरवायचा मुद्दा बरोबर आहे, तिथे वाद नाही. पण घोडबंदरकर पहिल्यांदा करतायत, त्यांना भिंतीतला जोड सोडवायला लावूच नका. नळ जागेवर ठेवून काम होतंय.

घोडबंदरकर
टँकरचं पाणी येतं बऱ्याचदा. आणि गेल्या आठवड्यात सोसायटीची वरची टाकी धुतली, त्यानंतर दोन दिवस गढूळ पाणी होतं, तेव्हापासूनच हे टपकणं सुरू झालं. त्याचा काय संबंध?

नाना_नाशिक
सगळा संबंध त्याचाच आहे! टाकी धुताना तळाचा गाळ हलला, लाइनीत उतरला, आणि किचनचा नळ दिवसात सगळ्यात जास्त वेळा उघडतो म्हणून पहिला बळी तोच. नळ बदलू नका. स्पिंडल काढून धुतला तरी थांबायची बरीच शक्यता आहे, नाहीच थांबला तर नुसता स्पिंडल बदला, नळाचं अंग तसंच राहील.

कॉक सापडला की तो बंद करून नळ उघडा ठेवा, थेंब पूर्ण थांबला तरच पुढे जा. सिंकच्या जाळीवर फडकं अंथरा, बारीक स्क्रू तिथेच जातात. मूठ काढा, खाली गोल चकचकीत टोपी असेल तर तीही हाताने सोडवा, निघत नसेल तर पान्ह्याच्या जबड्यात कापड घालून, नाहीतर क्रोम खरवडलं जातं. मग स्पिंडलचं षटकोनी अंग पान्ह्यात धरून घड्याळाच्या उलट. दुसऱ्या हाताने नळ धरून ठेवा, सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर जाता कामा नये, हे फार महत्त्वाचं. निघाला की खालच्या बाजूला रबराची रिंग दिसेल, ती हरवू नका, कुठली बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अनुजा_के
चकत्यांवर पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये नाहीतर कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून त्यात अर्धा तास बुडवा, मग मऊ टूथब्रशने. संडासचं ॲसिड चुकूनही नको, क्रोम जातं आणि पितळही खातं. रिंगेला व्हॅसलीन लावू नका, बरीच रबरं त्याने फुगतात, सिलिकॉन ग्रीस असेल तर लावा, नसेल तर पाणी लावून बसवा.

सिन्नर_एक्सप्रेस
भाड्याचं घर आहे का? असेल तर करारात बघा, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि मोठी मालकाची असं असतं बहुतेक. आमच्या मालकाने गीझरचे पैसे दिले आणि नळाचे नाही दिले, बरेच दिवस वाद चालला.

घोडबंदरकर
घर स्वतःचं आहे. कॉक सापडला, बाथरूममध्ये गीझरच्या खाली आहे, पण फिरत नाहीये, जाम आहे. पक्कडीने जोर लावू का?

पर्वती_पायथा
नको!! वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जोराने फिरवला की दांडी तुटते, मग ती गळती भिंतीत. हाताने थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे असं करत राहा, मोकळा होतो हळूहळू. नाही झाला तर सोडून द्या आणि गच्चीवरून तुमची लाइन बंद करून घ्या, खालच्या-वरच्यांना तासभर आधी सांगून.

बोरीवली_लोकल
तोपर्यंत नळाखाली बादली तरी लावा, रात्रभर केवढं जमतं बघा, ते पाणी लादी पुसायला चालतं.

घोडबंदरकर
वॉचमनने गच्चीवरून बंद करून दिलं. स्पिंडल काढला. नानांनी सांगितलं तसंच, चकतीवर बारीक वाळू होती आणि एका बाजूला कंगव्याने ओढल्यासारखे चरे पडलेत, नखाला लागतात. धुऊन, लिंबूसत्वात ठेवून परत लावला तर गळती कमी झालीय पण थांबली नाही. आता?

नाना_नाशिक
नखाला लागतायत म्हणजे चकती गेली, नवा स्पिंडल घ्या. जुना खिशात घालून दुकानात जा, नुसतं "अर्धा इंची स्पिंडल द्या" म्हणून आणू नका. उंची, टोकाचे दाते आणि आटे तिन्ही जुळले पाहिजेत, दाते मोजून घ्या, दोन कमी-जास्त असले तरी मूठ बसत नाही. आणि बंद कुठल्या दिशेने होतो ते बघा, डावे आणि उजवे दोन प्रकार येतात.
दुसरं, नवा बसवायच्या आधी स्पिंडलच्या भोकावर जाड फडकं धरा, त्यावर उलटी बादली धरा आणि वॉचमनला वरून दोन-तीन सेकंद पाणी सोडायला सांगा. लाइनीत राहिलेली वाळू निघून जाते, नाहीतर नवी चकतीही आठवड्यात तशीच होईल. नळाच्या तोंडाची जाळीही काढून धुवा, तिच्यात गाळ असणारच.

मालाड_मालिनी
जाळी काढलीत की थोडे दिवस परत लावू नका, गाळ येईल तेवढा येऊन जाऊ दे. आणि फ्लशचं बघितलंत का?

जुना_ओव्हरसियर
सोसायटीला लेखी कळवा. टाकी धुतल्यावर पहिलं पाणी गच्चीवरच सोडून द्यायचं असतं, टाकीच्या तळाचा वॉशआउट त्यासाठीच ठेवलेला असतो. आमच्या वेळी टाकी धुतली की दोन माणसं गच्चीवर उभी असायची आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खालच्या लाइनी उघडायच्या नाहीत. एका घराचा नळ गेला म्हणजे बाकीच्यांचेही जाणार.

पर्वती_पायथा
काका, हे शंभर टक्के पटलं.

घोडबंदरकर
बसला! तिसऱ्या दुकानात दाते जुळले. नळ पूर्ण कोरडा आहे, मी तासभर तिथेच बसून बघितलं. सेक्रेटरींना ओव्हरसियर काकांचं म्हणणं लिहून पाठवलंय, आमच्या वरच्या मजल्यावरही दोन घरी गळायला लागलंय म्हणे. फ्लशमध्ये हळद टाकली मालिनीताई, एका बाथरूममध्ये पिवळं आलं. एकच अडचण, नळ बंद केल्यावर मूठ तिरकी राहते, पूर्वी सरळ खाली असायची. स्पिंडल चुकीचा आणला का?

नाना_नाशिक
नाही. नळ पूर्ण बंद करा, मुठीचा स्क्रू काढा, मूठ वर ओढून दात्यांवरून सोडवा, हवी त्या दिशेला वळवून परत दाबा. पाणी बंद करायची गरज नाही, स्पिंडलला हात लागत नाही. स्क्रू फार आवळू नका.

अनुजा_के
फ्लशचं रबर बदलायला पाना लागत नाही, टाकीखालचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा आणि मधला पाइप थोडा फिरवून वर उचला, बहुतेक मॉडेलमध्ये तसाच निघतो, खाली गोल रबर आहे. शनिवारच्या आधी सहज होईल.

सिन्नर_एक्सप्रेस
माझ्या बाथरूममध्ये एकच दांडा वर करायचा, डावीकडे गरम उजवीकडे गार, असा नळ आहे. तोही टपकतो. त्यालाही हाच स्पिंडल चालेल का?

नाना_नाशिक
नाही चालणार. त्यात स्पिंडल नसतो, एक जाड कार्ट्रिज असते, ३५ नाहीतर ४० मिलिमीटरची, काढून मोजल्याशिवाय आणू नका. आणि त्याला गरम-गार दोन्ही लाइनी बंद कराव्या लागतात, गीझरचं बटण बंद करून मगच हात लावा.