उत्तर-रोमन कलेतल्या संज्ञा डोक्यात राहत नाहीत, आणि ही कला खरंच ‘ऱ्हासाची’ का?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. मी कला-इतिहासात बहिःस्थ एम.ए. करते आहे. वर्गात बसून स्लाइड्स बघायची सोय नाही, छापील नोट्स आणि मोबाइल एवढ्यावरच भागवायचं. या सत्रात साधारण इ.स. 300 ते 800 मधली युरोपची कला आहे. स्पोलिया, टेसेरा, अ‍ॅप्स, डिप्टिक, क्लॉइझोने, कार्पेट पेज... व्याख्या पाठ केल्या तरी परीक्षेपर्यंत सगळ्यांचा काला होतो.

दुसरं म्हणजे, नोट्समध्ये सरळ लिहिलंय की या काळात रोमन शिल्पींचं कसब संपलं, आकृत्या ठेंगण्या आणि बोजड झाल्या, म्हणून ही ‘ऱ्हासाची कला’. मग पुढच्याच प्रकरणात इटलीतल्या रावेन्ना शहराच्या कलेची एवढी स्तुती कशी? या विषयातलं कुणी आहे का इथे?

निळीशाई:
रेघोट्या, मी कला महाविद्यालयात हाच विषय शिकवत असे, आता निवृत्त आहे. हा काळ माझा सगळ्यांत आवडता, त्यामुळे सविस्तर लिहिते.

व्याख्या बाजूला ठेव. रोममधल्या कॉन्स्टन्टाइनच्या कमानीचे मोठे फोटो उघड आणि अर्धा तास नुसती ती बघ. 312 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने मिल्वियन पुलाजवळ आपला प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियसला हरवलं, त्या विजयाची ही कमान 315 मध्ये त्याला अर्पण झाली. उंची साधारण 21 मीटर. आता गंमत बघ, तिच्यावरचं उत्तमोत्तम कोरीवकाम कॉन्स्टन्टाइनच्या काळातलं नाहीच. गोल तबकड्यांमधली शिकारीची आणि यज्ञाची दृश्यं हेड्रियनच्या काळातली, सगळ्यात वरचे चौकोनी फलक मार्कस ऑरेलियसचे, आणि उभे डेशियन कैदी ट्रेजनच्या वेळचे. जुन्या वास्तूतून काढून नव्या वास्तूत बसवलेल्या अशा भागांना स्पोलिया म्हणतात.

‘चांगले कारागीर उरले नव्हते म्हणून जुना माल वापरला’ हे तुझ्या नोट्समध्ये असणारच. घाई असेलही. पण निवड कुणाची केली ते बघ! रोमन लोक ज्यांना आदर्श सम्राट मानत, नेमके ते तिघे. आणि तबकड्यांमधला हेड्रियनचा चेहरा तासून तिथे कॉन्स्टन्टाइन आणि त्याच्या बरोबरीचे सत्ताधारी कोरलेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या संगमरवरात इतकी नाजूक दुरुस्ती करणारे हात ज्या शहरात होते, तिथे कसब संपलं होतं हे मला पटत नाही.

त्या तबकड्यांच्या खालीच एक अरुंद पट्टी आहे, ती मात्र कॉन्स्टन्टाइनच्याच काळातली. उत्तरेच्या बाजूला तो फोरममध्ये भाषण करतोय आणि लोकांना पैसे वाटतोय. आकृत्या ठेंगण्या, डोकी मोठी, कपड्यांच्या चुण्या म्हणजे सरळ खोदलेल्या रेघा. ऱ्हास म्हणणाऱ्यांचा सगळा भर या पट्टीवर असतो. पैसे वाटण्याच्या दृश्यात सम्राट अगदी मधोमध, आपल्याकडे तोंड करून बसलाय, आणि इतर सगळ्यांपेक्षा मोठा आहे. खाली हात वर केलेली माणसांची रांग, वर खोल्यांमध्ये हिशेब ठेवणारे अधिकारी. ‘सन्मुखता’ आणि ‘दर्जानुसार आकार’ या दोन्ही संज्ञा इथे एकाच दगडात भेटतात. सत्ता कुणाकडे, देणारा कोण, घेणारा कोण, हे खालून मान वर करून बघणाऱ्याला क्षणात कळतं. शरीराचा डौल दाखवायचा असता तर हे इतकं स्पष्ट झालं नसतं. शिल्पीला काय हवं होतं ते त्याने मिळवलंय.

हा वाद तुझ्या-माझ्यापुरता नाही. व्हिएन्नाच्या अलॉइस रीगलने 1901 मध्येच मांडलं होतं की या काळाची कला स्वतःच्या वेगळ्या हेतूने घडली आहे, तिला जुन्या मापाने मोजू नये. उलट बर्नार्ड बेरेन्सनने 1954 मध्ये याच कमानीवर पुस्तक लिहून ऱ्हासाचीच बाजू घेतली. उत्तरपत्रिकेत दोघांची नावं घाल आणि मग तुला स्वतःला काय दिसतं ते न घाबरता लिही.

दगडफूल:
मी आर्किटेक्ट आहे, म्हणून बॅसिलिका (लांबट सभागृहासारखी चर्चची रचना) आणि अ‍ॅप्सबद्दल थोडं. कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं असेल तर आराखडा लगेच समजेल. मध्ये लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांपलीकडे अरुंद बाजूदालनं, आणि टोकाला अर्धगोल भाग. तो अर्धगोल म्हणजे अ‍ॅप्स. (साम्य आराखड्यापुरतंच, एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मुळीच लिहू नका.) मोठा फरक उजेडाचा. कार्ल्यात तो समोरच्या भव्य गवाक्षातून येतो, बॅसिलिकेत मधलं दालन बाजूच्यांपेक्षा उंच करून वरच्या भिंतीत खिडक्यांची ओळ काढतात. तिला क्लेरस्टोरी म्हणतात.

पाहायची तर रोमची सांता सबिना पाहा, 422 ते 432 मध्ये बांधलेली. तिथले 24 कोरिंथियन खांबही स्पोलियाच आहेत, पण इतके एकसारखे की सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि रोमन बॅसिलिका मुळात देऊळ नव्हतं. न्यायनिवाडा, व्यापार यांसाठीचं सार्वजनिक सभागृह होतं ते. मोठा जमाव आत मावेल अशी जागा चर्चला हवी होती, म्हणून ती रचना उचलली.

रेघोट्या:
खूप आभार दोघांचे! निळीशाई मॅडम, कमानीचे फोटो बघत बसले होते. एक शंका. शिल्पींनी ठरवून शैली बदलली हे मानलं, पण त्याच काळात कुणी जुन्या पद्धतीचं काम करत होतं का? नाहीतर ‘येत नव्हतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर काय द्यायचं? आणि टेसेराचंही सांगाल का?

निळीशाई:
अगदी योग्य जागी बोट ठेवलंस. उत्तर हस्तिदंतात आहे. साधारण 400 च्या सुमाराची एक डिप्टिक आहे, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. रोममधल्या सिम्माकस आणि निकोमाकस या दोन बड्या घराण्यांची नावं तिच्यावर आहेत. एक फळी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, दुसरी पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात. लंडनच्या फळीवर वेदीपुढे उभी असलेली पुजारीण बघ. अंगावरून ओघळणारं वस्त्र, झुकलेली मान, मऊ खांदा. कमानीच्या पट्टीनंतर जवळजवळ एका शतकाने हे काम झालंय. म्हणजे जुनी शैली येत होती, हवी असेल तिथे वापरलीही जात होती.

डिप्टिकवरूनच आठवलं, लूव्रमधली बार्बेरिनी डिप्टिक चुकवू नकोस. सहाव्या शतकातली, मधोमध घोड्यावरचा विजयी सम्राट. खालच्या पट्टीत नजराणे घेऊन येणाऱ्यांत भारतीय आहेत, सोबत हत्ती, वाघ आणि हस्तिदंताचा सुळा. पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, तिच्या डोळ्यांतला आपला देश असा दिसतो.

आता टेसेरा. कुट्टिमचित्रातला (मोझेइकमधला) प्रत्येक छोटा तुकडा म्हणजे टेसेरा. दगडाचा, काचेचा, कधी शिंपल्याचा. सोनेरी तुकड्यात दोन काचांच्या थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबलेला असतो. ओल्या गिलाव्यात हे तुकडे किंचित तिरपे बसवले की उजेड प्रत्येकावरून वेगळा परततो आणि आपण चालू लागलो की भिंतही हलल्यासारखी वाटते. छापील चित्रात हे कधीच दिसत नाही, म्हणून व्हिडिओ बघ. रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये (547 मध्ये अर्पण झालेलं) सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. दोघांनी रावेन्नात कधी पाऊलही टाकलं नाही. पण चर्चमधली प्रत्येक प्रार्थना त्यांच्या साक्षीने होत राहिली. कमानीवरचा तो सन्मुख, निश्चल सम्राट इथे पूर्णत्वाला पोचलाय.

त्याच शहरातलं सांत अपोलिनारे नुओव्हो मला अधिक हलवून सोडतं. गॉथ राजा थिओडोरिकने ते आपल्या राजवाड्याचं चर्च म्हणून बांधलं. तो एरियन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचा होता. पुढे शहर बायझन्टाइनांच्या, म्हणजे पूर्व रोमनांच्या, हाती गेलं, चर्च दुसऱ्या पंथाकडे आलं, आणि राजवाड्याच्या चित्रातली माणसं काढून तिथे पडदे जडवले गेले. पण जवळून बघ, खांबांवर काही हात तसेच राहिलेत. स्मृती पुसणं म्हणजे काय हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कोंदण:
क्लॉइझोनेबद्दल मी सांगतो, घरी पिढीजात सोनारकाम. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या झाळून छोटी घरं करायची आणि त्यांत खडे किंवा मीना भरायचा. इंग्लंडात सटन हू इथे 1939 मध्ये जहाजासकट पुरलेलं दफन सापडलं, त्यातल्या खांद्याच्या बकला आणि बटव्याचं झाकण झूम करून पाहा. लाल गार्नेटच्या चपट्या चकत्या, आणि त्यांखाली ठसे उठवलेला सोन्याचा पातळ पत्रा, म्हणजे आत शिरलेला उजेड उसळून परत येतो. पायऱ्यापायऱ्यांच्या आकारात खडा कापून शेजारच्या घराला फट न पडता बसवलाय. हे काम करणाऱ्याला मी हात जोडतो. आणखी एक, फ्रँक राजवटीच्या सुरुवातीच्या दागिन्यांतल्या गार्नेटची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे, त्यांतले बरेच खडे भारतातले आणि श्रीलंकेतले निघाले.

निळीशाई:
वा, कोंदण! रेघोट्या, आता हीच कारागिरी डोळ्यांसमोर ठेवून इंग्लंडातल्या लिंडिसफार्न मठाच्या हस्तलिखित शुभवर्तमानांची, म्हणजे लिंडिसफार्न गॉस्पेल्सची, पानं उघड, साधारण 700 ते 720 मधली. प्रत्येक शुभवर्तमानाच्या सुरुवातीला एक अख्खं पान फक्त नक्षीचं, त्याला कार्पेट पेज म्हणतात. गुंतलेले पक्षी आणि प्राणी सोनाराच्या घरांसारखेच बंदिस्त, आणि नीट पाहिलं की मधून क्रूस वर येतो. काही पानांच्या मागच्या बाजूला कंपासची टोचणी आणि आखणी अजून दिसते. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने नोंद करून ठेवली, त्यानुसार हे काम बिशप ईडफ्रिथचं.

पण त्याच ग्रंथात शुभवर्तमानकार मॅथ्यूचं चित्रही आहे, बाकावर बसून लिहिणारा. जवळच्याच वेअरमथ-जॅरो मठात 716 पूर्वी तयार झालेल्या अमियाटिनस या प्रचंड बायबलमध्ये जुन्या करारातला लेखक एझ्रा जवळजवळ त्याच बैठकीत बसलाय, मागे पुस्तकांचं कपाट. दोघांचा मूळ नमुना भूमध्य समुद्राकडचा. अमियाटिनसचं काम इतकं रोमन वळणाचं आहे की तो ग्रंथ इटलीतलाच, असं विद्वान कित्येक वर्षं समजत होते. हे दोन्ही फोटो शेजारी ठेव आणि चुण्या कशा काढल्यात ते बघ. जॅरोच्या चित्रकाराने सावली देऊन, ईडफ्रिथने करकरीत रेघांनी. काय दिसतं ते इथे लिही, मी वाचते.