सोपस्टोनमधल्या धनेशाची चोच दर वेळी तुटते, काय चुकतंय?

पाषाणभेदी: १५ × १० × १० सेंमीचा राखाडी-हिरवट सोपस्टोन आहे, वजन साधारण ४ किलो. त्यातून फांदीवर बसलेला धनेश काढायचा आहे. आधीच्या दोन दगडांत आकार बरा जमला, पण पॉलिश पेपर मारताना चोच मुळातूनच गेली. दगड खराब की पद्धत? घासकाम कोरडंच चाललंय, तोंडाला रुमाल बांधून.

छिन्नी_हातोडी: बहुधा दोन्ही. दगड आधी पाण्यात बुडवून काढा आणि वाळताना बघत बसा. भेगेत पाणी अडकतं, त्यामुळे बाकी सगळं वाळलं तरी तेवढी रेघ काळीच दिसते. मग लाकडी दांड्याने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत फट आहे.

पापुद्रे कोणत्या दिशेने जातात तेही पाहा. चोचीची लांबी पापुद्र्यांच्या दिशेनेच हवी. ते चोचीला आडवे गेले तर ती बिस्किटासारखी तुटणारच.

कोरताना हॅकसॉने ५-५ मिमीवर समांतर चिरा पाडून मधले काप मोडून काढा. चोचीजवळ छिन्नी-हातोडी नको, फक्त कानस. चोच आणि छाती यांच्यामध्ये बोटाएवढा दगडाचा पूल राहू द्या, तो ४०० नंबरचा पेपर मारून झाल्यावरच कापायचा. तुम्ही तो आधीच काढत असणार, म्हणून घासण्याचा सगळा जोर चोचीच्या मुळावर येतो.

हळेबीडू: मला तर पूल कापूच नये असं वाटतं. मान वळवून पिसं साफ करणारा धनेश करा, चोच पाठीला टेकलेली. कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या मंदिरांचा दगडही याच जातकुळीतला. हळेबीडूच्या होयसळेश्वरात तळाच्या थरातले हत्ती पाहा: सोंडा, पाय सगळे मागच्या दगडाला धरून आहेत. कॅनडातले इन्युइट कारागीरही अस्वलाचे पाय जाडच ठेवतात, वॉलरसचे सुळे मात्र हस्तिदंताचे वेगळे करून भोकात बसवतात. मोकळी चोच हवीच असेल तर तीही तशीच वेगळी बसवा. ६ मिमीचं भोक, १५ मिमी खोल, आत पितळेची बारीक सळई आणि एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद). उरलेल्या फटीत एपॉक्सीत कालवलेली त्याच दगडाची पूड भरा.

मेणबत्ती: वेगळी चोच बसवणार असाल तर क्रम चुकवू नका. मेण लावायला दगड गरम करावा लागतो आणि तेवढ्या उष्णतेत साधं एपॉक्सी मऊ पडतं. उलट आधी मेण लावलं तर त्यावर एपॉक्सी धरत नाही. उपाय सोपा: भोकात लाकडी खुंटी ठोकून मेणाचं काम उरका, नंतर खुंटी काढून चोच बसवा. चोचीलाही मेण वेगळंच, सळईकडचं टोक कोरडं ठेवून.

पेपर २२०, ४००, ६००, १००० या क्रमाने, सगळे वॉटर पेपर, पाण्यासोबत. ओरखडे दिसत असताना पुढच्या नंबरवर गेलात तर मेण लावल्यावर तेच सगळ्यात उठून दिसतात. मग दगड दोन-तीन दिवस वाळवा. थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू ९० अंशांपर्यंत न्या, तासभर राहू द्या आणि वर मधमाशीचं मेण फिरवा. आपोआप थंड झाल्यावर सुती कापडाने चोळा. ओला दगड एकदम तापवला तर तडकतो.

छिन्नी_हातोडी: रुमालाचं राहिलंच! तो काहीच अडवत नाही. काही सोपस्टोनमध्ये ट्रेमोलाइट अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू, ते डोळ्यांना दिसत नाहीत. कानसही दगड ओला ठेवूनच चालवा. एन-९५ अ‍ॅस्बेस्टॉसला पुरत नाही, पी-१०० फिल्टरचा मास्क नीट बसवून घाला, ग्राइंडर घरात नकोच. जमिनीवरची पूड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाळ मोरीत ओतला तर पाइप तुंबतो, बादलीत बसू द्या.

पाषाणभेदी: पाण्यात बुडवून पाहिला. मधोमध तिरकी रेघ, जवळजवळ आरपार.

हळेबीडू: मग त्याच रेघेवर कापा आणि दोन छोटे प्राणी काढा. अंग दुमडून बसलेलं खवले मांजर त्यात छान बसेल.