मदत हवी आहे: ‘सी. के. वॉट’चं मराठीत काय करू?

‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश विनोदी मालिकेचा १९७९ मधला ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ हा भाग मावशीला दाखवायचाय. तिला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मी स्वतः मराठी सबटायटल्स लिहितोय. एका जागी गाडी अडलीय.

हॉटेलात उतरलेल्या मिसेस रिचर्ड्सना कमी ऐकू येतं, पण बॅटरी संपेल म्हणून त्या कानाचं मशीन बंदच ठेवतात. स्पॅनिश वेटर मॅन्युएल ‘के?’ म्हणतो, म्हणजे ‘काय?’, आणि मग ‘सी’, म्हणजे ‘हो’. शेवटी ‘के म्हणजे वॉट’ असं समजावतो, तर बाईंना वाटतं, सी. के. वॉट नावाचे कोणी गृहस्थ आहेत! ही भूमिका करणाऱ्या जोन सँडरसनचा तो करडा चेहरा बघून मी दरवेळी पोट धरून हसतो.

‘काय’वरून ‘सी. के. काळे’ करून पाहिलं. वाचायला बरं वाटतं, पण कानावर ‘वॉट’च पडतं. कुणाला याहून चांगलं सुचतंय का?

आणखी एक. हॉटेलमालक बॅसिल आधी नुसते ओठ हलवतो, बाई मशीनचा आवाज वाढवतात आणि मग तो ओरडतो. मावशीलाही मशीन आहे. तिच्या मनाला लागेल का हो हे? घरात असं कुणी असेल तर जरूर सांगा.