स्वमग्न मूल असलेले रहस्यपट : घरातल्या ज्येष्ठांना कोणता दाखवावा?

गोदाकाठ

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो तीन वर्षांचा असताना त्याच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. माझे सासरे रहस्यपटांचे मोठे चाहते आहेत. रात्रीच्या जेवणानंतर एखादा खुनाचा तपास पाहिल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी 'मर्क्युरी रायझिंग' पाहिला. त्यातला नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा कोड्यांच्या मासिकात छापलेला सरकारी गुप्त संकेत सहज उलगडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातवाजवळ जाऊन बसले आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी कोणता वार होता, असे त्याला विचारू लागले.

मुलगा त्या वेळी गॅलरीत कपड्यांचे चिमटे रंगांनुसार ओळीत लावत होता. तोच प्रश्न तिसऱ्यांदा कानावर आला तेव्हा त्याने दोन्ही हात कानांवर दाबले आणि 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असे एका सुरात म्हणत तो आत निघून गेला. सासऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नातवामध्ये काहीतरी विलक्षण दडलेले आहे आणि आपण ते शोधून काढावे, इतकेच त्यांना वाटत होते. मात्र तेव्हापासून ते त्याची रोज परीक्षा घेतात आणि मुलगा त्यांच्या खोलीत जाईनासा झाला आहे.

त्यांना माहितीपट दाखवून पाहिला, पण तो त्यांनी दहा मिनिटांत बंद केला. म्हणून विचारते : त्यांच्या आवडीच्या प्रकारातला, म्हणजे गुन्हा आणि तपास असलेला, परंतु स्वमग्न मुलाला मूल म्हणून पाहणारा एखादा चित्रपट आपण सुचवू शकाल का? कोणते टाळावेत, हेही सांगितल्यास उपकार होतील.

पडद्यासमोर

गोदाकाठताई, विलंब न करता 'इनोसन्ट विटनेस' हा २०१९ सालचा कोरियन चित्रपट दाखवा. दिग्दर्शक ली हान असून वकिलाची भूमिका जंग वू-संग यांनी आणि जी-वू या शाळकरी मुलीची भूमिका किम ह्यांग-गी यांनी केली आहे. एका वृद्धाचा मृत्यू होतो, घरकाम करणाऱ्या बाईवर खुनाचा आरोप येतो आणि समोरच्या घराच्या खिडकीतून ती घटना पाहणारी जी-वू ही एकमेव साक्षीदार असते. आरोपीच्या वकिलाला तिची साक्ष मोडून काढायची असते आणि त्यासाठी त्याला आधी तिच्याशी बोलता आले पाहिजे. रहस्य शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे आपल्या सासऱ्यांना कंटाळा येणार नाही.

मी हा चित्रपट आग्रहाने सुचवतो याचे कारण त्यातल्या मैत्रीच्या रीतीत आहे. तो वकील आरंभी चुकीच्या पद्धतीने जातो : समोर उभा राहतो, प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. पुढे त्याच्या लक्षात येते की जी-वूला कोडी आवडतात आणि तिच्याशी बोलायचे तर तिने ठरवलेल्या वेळी, फोनवर, कोड्यांच्या वाटेने बोलावे लागेल. तिच्या दाराशी पोहोचण्यासाठी त्यालाच स्वतःची चाल बदलावी लागते. बहुतेक रहस्यपटांत नेमके उलटे घडते. तिथे मूल म्हणजे बंद तिजोरी असते, नायक म्हणजे किल्ली शोधणारा असतो, आणि तिजोरीतला पुरावा हाती आला की मुलाकडे कुणी फिरून पाहत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'स्वमग्न' या आपल्या शब्दातच मूल स्वतःत बुडालेले आहे, बाहेरचे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, अशी कल्पना दडलेली आहे. शब्द रूढ आहे, मीही तो वापरतो, पण या चित्रपटातली मुलगी त्या कल्पनेला खोटे ठरवते. तिला इतरांपेक्षा कितीतरी अधिक ऐकू येते. कुत्र्याचे भुंकणे, वर्गातला गोंगाट, दूरचे बोलणे, हे सारे एकदम तिच्या अंगावर येते. जग तिच्यापर्यंत पोहोचत नाही असे नाही. ते नको इतके पोहोचते. चिमटे लावणारा आपला मुलगा कानांवर हात का ठेवतो, हे आजोबांना कुणी समजावून सांगण्यापेक्षा त्या मुलीच्या बाजूने दोन तास ऐकल्यावर अधिक नीट कळेल, असे मला वाटते.

याच चित्रपटाच्या लेखिका मून जी-वन यांनी पुढे 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू' ही २०२२ सालची मालिका लिहिली. आपण वकील होऊ शकणार नाही, पण साक्षीदार होऊ शकतो, असे म्हणणाऱ्या जी-वूनंतर त्यांनी स्वमग्न तरुणीलाच वकील केले. मालिका उत्तम आहे, मात्र तिची नायिका असामान्य स्मरणशक्तीची आहे. आपल्या घरी सध्या जे चालले आहे ते पाहता ती निदान आत्ता तरी दाखवू नये.

फळा आणि खडू

मी विशेष शिक्षिका आहे. वरील सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे. टाळण्याच्या यादीत मी 'सायलेंट फॉल' (१९९४) सर्वांत वर ठेवीन. ब्रूस बेरेसफर्ड यांचे दिग्दर्शन, रिचर्ड ड्रायफस यांच्यासारखा कसलेला नट, आणि तरीही मुलाच्या बाबतीत तो चित्रपट फार चुकतो. आईवडिलांचा खून पाहिलेला स्वमग्न मुलगा मोठ्या माणसांचे आवाज हुबेहूब काढतो आणि मनोविकारतज्ज्ञ त्या आवाजांतून खुनाची रात्र उलगडू पाहतो, अशी त्याची रचना आहे.

ऐकलेली वाक्ये पुन्हा म्हणणे, ज्याला आम्ही इकोलेलिया म्हणतो, ते अनेक स्वमग्न मुलांत खरोखर आढळते. परंतु ती ध्वनिफीत नव्हे. मूल जे वाक्य ज्या प्रसंगी ऐकते, त्या प्रसंगाची भावना पुष्कळदा त्या वाक्यासकट उचलते आणि पुढे तशीच भावना दाटली की तेच वाक्य वापरते. आपला मुलगा 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असे म्हणाला, त्यात मला तरी निरर्थक काही दिसत नाही. तो पहिल्यांदा रेल्वे स्थानकावर गेला तेव्हा काय झाले होते, हे आठवून पाहावे. 'सायलेंट फॉल'मध्ये मात्र मुलाचे हे बोलणे दुसऱ्या कुणाचा तरी पुरावा ठरते, त्याचे स्वतःचे म्हणणे कधीच ठरत नाही. आजोबांनी तो पाहिला तर वारांच्या प्रश्नांनंतर आवाजांच्या नकला मागतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

वारांच्या प्रश्नांविषयी त्यांना इतकेच सांगावे की, तारखांवरून वार सांगणे किंवा मनातल्या मनात अवाढव्य गणिते करणे ही देणगी थोड्या स्वमग्न व्यक्तींत असते, बहुसंख्यांत नसते. ती प्रत्येक स्वमग्न माणसात असतेच, ही समजूत जगभर पसरवणाऱ्या 'रेन मॅन' (१९८८) या चित्रपटातल्या व्यक्तिरेखेची प्रेरणा किम पीक हे गृहस्थ होते, आणि ते स्वमग्न नव्हते, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. रहस्यप्रेमी माणसाला ही माहिती रुचेल.

उत्तररात्र

मला 'मर्क्युरी रायझिंग'ची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. १९९८ साली तो आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि ऑटिझम हा शब्द मी त्यातच प्रथम ऐकला. माझ्या मावसभावाला तोवर सगळे नातेवाईक 'हट्टी' म्हणत असत. मिको ह्यूजेस या बालनटाने केलेले त्या मुलाचे चालणे आणि स्पर्श होताच आक्रसून जाणे पाहून मी प्रथमच त्या भावाचा वेगळा विचार केला. संकेत उलगडण्याचा भाग अवास्तव आहे हे मान्य, पण चित्रपटाने निदान एका घरात तरी चांगले काम केले, एवढे नोंदवतो.

पडद्यासमोर

उत्तररात्र, आपले म्हणणे मी मनापासून स्वीकारतो. त्या नटाच्या कामात अभ्यास दिसतो. माझा आक्षेप पटकथेवर आहे. मुलाचे आईवडील मारले जातात, आणि त्या दुःखाचे त्याच्या मनात काय होते याकडे पाहायला पाठलागांच्या गर्दीत चित्रपटाला फारसा वेळच मिळत नाही. स्वमग्न मुलाला शोक होत नाही, असा समज प्रेक्षक नकळत घेऊन जातो. मुलाने तो संकेत सोडवला नसता तर चित्रपटात त्याला जागा मिळाली असती का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक चित्रपटाला विचारतो आणि इथे उत्तर नकारार्थी येते.

तिसरी घंटा

साक्षीदार मुलांविषयी पुष्कळ बोलणे झाले. मूलच तपास करणारे असेल तर चित्र किती बदलते, हे पाहायचे असल्यास 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज' (२०११) पाहावा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वडील गमावलेल्या ऑस्करला त्यांच्या वस्तूंत एक किल्ली सापडते, पाकिटावर 'ब्लॅक' एवढेच लिहिलेले असते, आणि तो न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक आडनावाच्या माणसांची दारे ठोठावत निघतो. त्याच्या चाचण्यांचा निष्कर्ष निश्चित आला नव्हता, असे तो स्वतःच सांगतो. भीती वाटू लागली की तो हातातली खंजिरी वाजवतो. त्या खंजिरीचा आवाज मी विसरू शकलेलो नाही. चित्रपट काही जागी भावविवशतेकडे झुकतो, पण मुलाची भीती, त्याची पद्धत आणि त्याचा शोक ही तिन्ही त्याची स्वतःची आहेत.

नाटक चालणार असेल तर मार्क हॅडन यांच्या २००३ सालच्या कादंबरीवरून लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१२ साली केलेले 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' याचे चित्रीकरण मिळवावे. शेजारणीचा कुत्रा कुणी मारला याचा शोध पंधरा वर्षांचा क्रिस्तोफर घेतो. स्विंडनहून तो एकटा लंडनला जातो तेव्हा रंगमंचावरचे दिवे, आकडे आणि आवाज असे अंगावर येतात की स्थानकावरची गर्दी त्याला कशी भासत असेल हे प्रेक्षकाला बसल्या जागी कळते. पुढे २०१७ साली इंडियाना रेपर्टरी थिएटरमध्ये ही भूमिका मिकी रो या स्वमग्न नटाने केली. आपल्याकडे 'यलो' (२०१४) या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली होती. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही असे व्हावे, याची मी वाट पाहतो आहे.

काळा कोट

'इनोसन्ट विटनेस' पाहताना आजोबा हमखास विचारतील की असे मूल आपल्या न्यायालयात साक्ष देऊ शकते का. देऊ शकते. आपल्या कायद्यात साक्षीदाराचे किमान वय ठरवलेले नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येते का, एवढेच न्यायालय पाहते. बोलता न येणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम ३८ नुसार अपंगत्व असलेल्या बालकाची साक्ष नोंदवताना विशेष शिक्षकाची किंवा त्या बालकाची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री 'इनोसन्ट विटनेस' पाहिला. उपशीर्षके इंग्रजी असल्याने मी शेजारी बसून मराठीत सांगत होते आणि सासरे मला दोनदा 'थांब, ती काय ऐकते आहे ते ऐकू दे' असे म्हणाले. चित्रपट संपल्यावर त्यांनी तपासाविषयी काही विचारले नाही. नातू कुकरची शिट्टी होण्याच्या आधीच कान का झाकतो, एवढेच विचारले. वाफेची फुरफुर त्याला आधीच ऐकू येत असावी, असे मी सांगितले.

फळा आणि खडू, आपण म्हणालात म्हणून आठवून पाहिले. तो चार वर्षांचा असताना नाशिकरोड स्थानकावर गर्दीत त्याचा हात माझ्या हातातून सुटला होता आणि तो सापडेपर्यंत वर ती घोषणा चालू होती. पाच वर्षांत मला हे सुचले नव्हते.

वारांचे प्रश्न रविवारपासून बंद आहेत. काल संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः कुकर लावला आणि दारात उभे राहून नातवाला 'तीन शिट्ट्या होतील' असे सांगितले. त्याने कान झाकून तीन मोजल्या. गॅस बंद करायला उशीर झाल्यामुळे चौथी झाली, तेव्हा तो तडक स्वयंपाकघरात आला आणि आजोबांपुढे तीन बोटे धरून उभा राहिला.