मदत हवी आहे : सशाच्या मांड्यांत केसांच्या गाठी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन वर्षांचा अंगोरा ससा आहे, कापश्या. पावसाळा लागल्यापासून त्याच्या शेपटीखाली आणि मागच्या मांड्यांच्या आत केसांचे घट्ट गठ्ठे झालेत. काल बोट घालून पाहिलं तर आत ओल, लघवीचा वास आणि कातडी लालसर. जीव कळवळला.

सशाला अंघोळ घालायची नाही हे माहीत आहे. घाबरतो, गारठतो, आणि एवढी दाट लोकर लवकर वाळतही नाही. पाठीवरून रोज ब्रश फिरवतो, ते तो आवडीने करून घेतो. पोटाकडे हात गेला की मात्र मागचे पाय जोरात झाडतो, आणि त्याचा कणा नाजूक, म्हणून दाबून धरायची हिंमत होत नाही. कात्रीचीही भीती वाटते, कातडी अगदी पातळ आहे.

त्यात माश्या वाढल्यात. ओल्या जागी अंडी घातली तर एका दिवसात अळ्या पडतात म्हणे. आमच्या भागातले डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात.

नाशिकमध्ये सशांवर उपचार करणारं कुणी माहीत आहे का? तोवर गाठी घरी मशीनने काढू का, आणि त्याला कसं धरू? खाली वर्तमानपत्र घालतो, ते बदलून सुकं गवत घालावं का?