खाली जाणारी बकेट थांबवताना दोरावरचा ताण वाढतो की कमी होतो?

यारीवाल्याचा_मुलगा:
दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो, आता अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत आहे. न्यूटनचा दुसरा नियम पाठ आहे, पण दोराच्या ताणाची गणितं आली की माझी चिन्हं चुकतात.

आमची विहिरी खोदायची यारी (क्रेन) आहे, म्हणून गणित घरचंच घेतलं. बांधकामाचा माल भरलेली बकेट, एकूण ६०० किलो. सेकंदाला २ मीटर वेगाने खाली चाललीय. ब्रेक लावला, अर्ध्या सेकंदात थांबली. त्वरण ४ आलं. बकेट खाली जातेय म्हणून ताण = ६०० × (९.८ − ४) केलं. उत्तर ३,४८० न्यूटन. नुसती लटकत असेल तर ५,८८०. म्हणजे ब्रेक लावल्यावर ताण कमी व्हायला हवा.

वडिलांना दाखवलं. ते सातवी शिकलेत, पण वीस वर्षं यारी चालवतायत. म्हणाले, "मग भरलेली बकेट खाली सोडताना मी ब्रेक एवढा जपून का लावतो रे? तेव्हाच तर वायररोपला हिसका बसतो." दोन दिवस वहीकडे बघतोय, चूक सापडत नाही. कृपया समजावून सांगा.

जुना_मास्तर:
बाळा, वडिलांचं बरोबर आहे. तुझी चूक एकाच शब्दात आहे: "जातेय म्हणून". बकेट कुठे जातेय हे वेग सांगतो. नियमात वेग येतच नाही, वेगातला बदल येतो. खालचा वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण वरच्या दिशेला. ते वर ओढणारं जास्तीचं बल देणार कोण? बकेटला वर ओढणारा तिथे दोरच आहे.

आता असं कर. वहीत फक्त बकेट काढ, यारी नको, विहीर नको. वर ताणाचा बाण, खाली वजनाचा. वरची दिशा धन ठरव आणि गणित संपेपर्यंत बदलू नकोस.
ताण − ६०० × ९.८ = ६०० × (+४)
ताण = ८,२८० न्यूटन. म्हणजे स्थिर लटकणाऱ्या साधारण ८४५ किलोंएवढा.

तुझं वजाबाकीचं सूत्र खोटं नाही. बकेट सोडताना पहिल्यांदा वेग घेते, तेव्हाचं ते आहे. वेग एकसारखा असेल तेव्हा ताण वजनाएवढाच, मग बकेट वर जाऊदे नाहीतर खाली. दरवेळी आधी त्वरणाची दिशा लिही, मगच आकडे.

वायररोप:
मी क्रेनवर रिगर आहे, म्हणजे माल दोराला बांधणारा. मास्तरांच्या समीकरणात वेळ बदलून बघ. हीच बकेट ०.१ सेकंदात थांबवली तर त्वरण २०, ताण १७,८८० न्यूटन. वजनाच्या तिप्पट! प्रत्यक्षात दोर थोडा ताणला जातो, त्यामुळे थांबायला जरा जास्त वेळ मिळतो. पण लटकणारा दोर आखूड असेल तर तेवढीही सवलत नाही, म्हणून बकेट ड्रमजवळ (ज्यावर दोर गुंडाळतो) असताना दिलेला हिसका जास्त वाईट. दोर निवडताना तुटण्याची ताकद भाराच्या पाचपट वगैरे धरतात, त्यामागे हेही कारण आहे. वडिलांना सांग, तुटक्या तारा दिसल्या की हिसक्यांचा हिशेब मनात धरून दोर बदलायचा. विहिरीत खाली माणसं असतात.

यारीवाल्याचा_मुलगा:
कळलं सर! मग उलटं स्वतःच करून पाहिलं. बकेट वर येतेय आणि ब्रेक लावला, त्वरण खाली ४, ताण ३,४८०. माझं जुनं उत्तर इथलं होतं. आणि खालचं त्वरण ९.८ झालं तर ताण शून्य. त्याच्यापुढे दोर ढिला पडणार ना, कारण दोर ढकलू शकत नाही?

जुना_मास्तर:
बरोब्बर. आणि ढिला पडलेला दोर पुन्हा ताठ होताना जो हिसका देतो, तो सगळ्यात वाईट. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ताणकाटा मिळाला तर त्याला लिटरभर पाण्याची बाटली अडकव, हात झपकन खाली ने आणि थांबव. काटा बघ.

यारीवाल्याचा_मुलगा:
घरी मासे तोलायचा काटा होता, त्यालाच बाटली लावली. थांबवताना काटा दीड किलोच्या पुढे गेला. वडिलांनी तो माझ्या हातातून घेतला आणि चार वेळा स्वतः करून पाहिलं.